शीट रिफ्रेश व्हायला सात मिनिटं का लागतात? इंडेक्स आहे, पण क्वेरी त्याच्यापर्यंत पोचत नाही

प्रश्न थोडक्यात असा आहे. मस्जिद बंदरला मसाल्याची घाऊक पेढी आहे. बिलिंगचं सॉफ्टवेअर मायएसक्यूएल या डेटाबेसवर चालतं आणि विक्रीच्या टेबलात साधारण ४२ लाख नोंदी झाल्या आहेत. हिशेब सांभाळणाऱ्या ताईंनी एक्सेलची शीट थेट डेटाबेसला जोडली आहे. वर पार्टीचा कोड आणि महिना टाकायचा, रिफ्रेश दाबायचं, की खाली त्या पार्टीला गेलेला माल आणि रकमा येतात. सुरुवातीला वीसेक सेकंदांत यायचं, आता सात मिनिटं लागतात. कुणीतरी सांगितलं म्हणून बिलाच्या तारखेवर इंडेक्स टाकून घेतला, पण फरक काहीच पडला नाही. आता त्या विचारतायत, सगळ्याच कॉलमांवर इंडेक्स टाकून टाकू का?

ताई, नका टाकू. तुमच्या इंडेक्समध्ये बहुधा काही बिघडलेलं नाही. शीट ज्या भाषेत प्रश्न (म्हणजे क्वेरी) विचारतेय, त्या भाषेतल्या प्रश्नाला तो इंडेक्स उघडताच येत नाही. गेली वीस वर्षं मी मुंबईतल्या पेढ्यांचे आणि गोदामांचे डेटाबेस सांभाळतोय. एक्सेलला जोडलेली शीट हळू झाली की दहापैकी आठ वेळा दुखणं इथेच निघतं.

तुम्ही पेढीवर काम करता, तेव्हा कीर्द आणि खतावणी तुम्हाला सांगायला नकोत. कीर्दीत व्यवहार घडला त्या क्रमाने उतरतो. आता शेटजींनी विचारलं, "त्या सांगलीच्या पार्टीचं वर्षभराचं काय झालं?" तर फक्त कीर्द हाताशी असेल तर पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत बोट फिरवत जावं लागेल. म्हणून खतावणी. तिथे सांगलीच्या पार्टीचं स्वतंत्र खातं असतं, त्यात तारीखवार नोंदी असतात आणि प्रत्येक नोंदीपुढे कीर्दीचा पान क्रमांक असतो. इंडेक्स म्हणजे ही खतावणी. मायएसक्यूएलच्या इनोडीबीत (डेटा साठवणाऱ्या भागात) मूळ टेबल प्रायमरी कीच्या, म्हणजे प्रत्येक नोंदीच्या स्वतःच्या क्रमांकाच्या, क्रमाने लावलेलं असतं, ती झाली कीर्द. तुम्ही टाकलेल्या प्रत्येक इंडेक्समध्ये त्या कॉलमची किंमत आणि शेजारी प्रायमरी की असते, तो झाला पान क्रमांक.

हे किती फायद्याचं आहे याचा हिशेब करून बघा. इनोडीबी डेटा १६ केबीच्या पानांत ठेवतं. तुमची एक नोंद २०० बाइटची धरली तर एका पानात ८० च्या आसपास मावतात, म्हणजे ४२ लाख नोंदींना बावन्न हजारांवर पानं लागतात. इंडेक्स नसेल तर एका पार्टीसाठी ही सगळी पानं चाळावी लागतात. इंडेक्सच्या एका पानात मात्र सहज पाचशेएक नोंदी बसतात. वरच्या एका पानातून खालच्या पाचशे पानांकडे वाट जाते, त्या प्रत्येकातून आणखी पाचशेंकडे. तीन पायऱ्यांत बारा कोटींपर्यंतचा माल आवाक्यात येतो. ही रचना बी-ट्री नावाने ओळखली जाते. बोइंगच्या संशोधन प्रयोगशाळेत काम करणाऱ्या रुडॉल्फ बायर आणि एडवर्ड मॅक्राइट यांनी ती मांडली, १९७२ साली त्यांचा लेख छापून आला, आणि आज पन्नास वर्षांनंतरही तुमच्या पेढीतली क्वेरी त्याच वाटेने उतरते. मला याचं अजूनही अप्रूप वाटतं.

आता तुमच्या क्वेरीकडे येतो. तुम्ही पाठवलेल्या मजकुरात दोन अटी आहेत. पहिली: मंथ(बिल_तारीख) बरोबर ४ आणि इयर(बिल_तारीख) बरोबर २०२४. दुसरी: पार्टी_कोड बरोबर ४७१२.

पहिल्या अटीत तुम्ही तारखेभोवती फंक्शन गुंडाळलंय. इंडेक्समध्ये तारखा क्रमाने लावलेल्या आहेत, महिने नाहीत. एप्रिल महिना त्या क्रमात दर वर्षी एकदा असा विखुरलेला आहे. शिवाय फंक्शनच्या आत काय शिजतं ते डेटाबेस आधी सांगू शकत नाही, म्हणून तो प्रत्येक नोंदीची तारीख काढतो, तिचा महिना काढतो आणि मग ताडून बघतो. तुम्ही टाकलेला इंडेक्स जागच्या जागी पडून राहतो. हीच अट अशी लिहा: बिल_तारीख १ एप्रिल २०२४ पेक्षा मोठी किंवा तितकीच, आणि १ मे २०२४ पेक्षा लहान. आता कॉलम उघडा आहे, इंडेक्समध्ये एका जागी शिरून दुसऱ्या जागी थांबता येतं. शीटवर महिन्याचा एक सेल ठेवण्याऐवजी "पासून" आणि "पर्यंत" असे दोन सेल ठेवा. "पर्यंत"चा सेल तारीख महिनाभर पुढे नेणाऱ्या ईडेट फॉर्म्युल्याने "पासून"वरून काढा, म्हणजे हाताने टाकताना चूक होणार नाही.

शेवटची अट "३० एप्रिलपर्यंत" अशी न लिहिता "१ मेच्या आधी" अशीच लिहा. कॉलममध्ये तारखेबरोबर वेळही साठत असेल तर "३० एप्रिलपर्यंत"चा अर्थ ३० तारीख सुरू होते त्या मध्यरात्रीच्या ठोक्यापर्यंत असा होतो आणि त्या दिवसभराची बिलं गळतात. महिनाअखेरीला पेढीवर किती बिलं फाटतात हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. वेगाच्या नादात मी हे सांगत नाहीये. जीएसटीचा ताळा न जुळण्यामागे हे कारण मी स्वतः तीन ठिकाणी शोधून काढलंय.

दुसरी अट जास्त फसवी आहे, कारण दिसायला ती अगदी सरळ दिसते. तुमच्या टेबलात पार्टी कोड मजकूर म्हणून साठवलाय: ००४७१२, सहा अंकी, पुढे शून्यं. एक्सेलच्या सेलमध्ये तुम्ही ००४७१२ टाइप केलं की एक्सेल त्याला आकडा समजतं, पुढची शून्यं खातं आणि ४७१२ ठेवतं. क्वेरीत तो आकडा म्हणूनच जातो. मायएसक्यूएलला आता मजकुराची तुलना आकड्याशी करायचीय. '४७१२', '००४७१२', पुढे रिकामी जागा असलेलं ' ४७१२' हे सगळे मजकूर आकड्यात ४७१२ च होतात, आणि मजकुराच्या क्रमात ते तीन वेगवेगळ्या ठिकाणी बसलेले असतात. म्हणून तो मजकुराचा इंडेक्स वापरू शकत नाही, प्रत्येक नोंदीचा कोड आकड्यात बदलून बघतो. यातला खरा धोका असा की उत्तर बरोबर येतं. चूक दिसतच नाही, फक्त वेळ जातो, आणि आपण इंडेक्सला दोष देत बसतो. पोस्टग्रेस या दुसऱ्या डेटाबेसवर असता तर तिथेच एरर येऊन लक्षात आलं असतं.

मसाल्याच्या धंद्यात हे एचएसएन कोडचंही (जीएसटीतल्या मालाच्या वर्ग-क्रमांकाचंही) होतं. मिरी-मिरची ०९०४, हळद-आलं ०९१०. एक्सेलमध्ये ते ९०४ आणि ९१० होतात. उपाय शीटवरच करायचा. कोडच्या सेलचं फॉरमॅट आधी "टेक्स्ट" करा आणि मग कोड टाइप करा. आधी टाइप करून नंतर फॉरमॅट बदललं तर आतला आकडा आकडाच राहतो. बरोबर झालं असेल तर सेलच्या डाव्या वरच्या कोपऱ्यात छोटा हिरवा त्रिकोण येतो आणि एक्सेल विचारतं, हा आकडा मजकूर म्हणून ठेवलाय, बदलू का? बदलू नका. किंवा शेजारच्या सेलमध्ये टेक्स्ट फॉर्म्युल्याने सहा शून्यांचा साचा देऊन कोड तयार करा आणि क्वेरीला तोच सेल जोडा.

व्हॉट्सॲपवरून चिकटवलेल्या कोडच्या मागे अदृश्य जागा येते, तिचंही असंच. बरेच जण त्यावर उपाय म्हणून क्वेरीतच ट्रिम(पार्टी_कोड) लिहितात. ते पुन्हा कॉलमभोवती फंक्शन झालं. झाडलोट करायची ती शीटच्या सेलवर करा, टेबलाच्या कॉलमला हात लावू नका.

हे सगळं माझ्या शब्दावर विश्वास ठेवून करू नका, डोळ्यांनी बघा. क्वेरीच्या आधी एक्सप्लेन (क्वेरी कशी चालेल ते दाखव) हा शब्द लावून ती मायएसक्यूएल वर्कबेंचमध्ये चालवा. आत्ता तुम्हाला साधारण असं दिसेल: 'टाइप'खाली ऑल, 'की'खाली नल (म्हणजे काहीच नाही), आणि 'रोज'खाली (इंग्रजीतल्या ओळी या अर्थाने) एकेचाळीस-बेचाळीस लाखांचा आकडा. ऑल म्हणजे सगळी कीर्द चाळली. 'रोज' हा किती नोंदी बघाव्या लागतील याचा अंदाज असतो, नेमकी मोजणी नव्हे. त्याच्या अलीकडे 'पॉसिबल कीज' नावाचा रकाना आहे, तो नीट वाचा. तिथे इंडेक्सचं नाव दिसतंय पण 'की' मात्र नल आहे, असं असेल तर इंडेक्स समोर असून वापरला गेला नाही. लगेच खाली शो वॉर्निंग्ज चालवा. पार्टी_कोडवर इंडेक्स असूनही प्रकार जुळत नसेल, तर त्यामुळे इंडेक्स वापरता आला नाही, असं मायएसक्यूएल तिथे स्पष्ट शब्दांत लिहून देतं.

पण एक्सप्लेन करायचं ते एक्सेल खरोखर पाठवतं त्या क्वेरीचं, तुमच्या मनातल्या क्वेरीचं नव्हे. शीट रिफ्रेश होत असताना सर्व्हरवर शो फुल प्रोसेसलिस्ट (चालू क्वेरींची यादी) चालवा आणि पूर्ण मजकूर उचला. "फुल" शब्द विसरलात तर पहिली १०० अक्षरंच दिसतात आणि अटी बहुतेक वेळा त्यापुढे असतात.

पॉवर क्वेरी (एक्सेलमधलं डेटा ओढून आणायचं साधन) वापरत असाल तर आणखी एक जागा तपासा. पॉवर क्वेरीत तुम्ही एकामागून एक पायऱ्या लावता. त्यातल्या ज्या पायऱ्या डेटाबेसच्या भाषेत बदलता येतात त्या सर्व्हरवर चालतात, याला क्वेरी फोल्डिंग म्हणतात. ज्या पायरीवर ते तुटतं, तिथून पुढचं काम तुमच्या संगणकावर होतं, म्हणजे तोवरचा सगळा माल आधी तारेवरून तुमच्याकडे येतो. पायरीवर राइट क्लिक करून "व्ह्यू नेटिव्ह क्वेरी" बघा. ते फिकं झालेलं असेल तर बहुधा फोल्डिंग त्या पायरीवर किंवा तिच्या आधी तुटलंय. तुमच्याच शीटमधल्या पार्टींच्या यादीशी डेटाबेसचं टेबल "मर्ज" केलं की ते हमखास तुटतं. दोन वेगळ्या ठिकाणचा डेटा सर्व्हर एकत्र करू शकत नाही, म्हणून ४२ लाख नोंदी खाली ओढल्या जातात. एक्सेलच्या एका शीटमध्ये १०,४८,५७६ च ओळी मावतात. तो माल शीटवर कधी दिसणारच नाही, तरी त्याची वाट बघत तुम्ही बसता. तारखेच्या फिल्टरमध्येही जपा. मेनूतून "एप्रिल" महिना निवडलात तर पॉवर क्वेरी महिना काढणारं फंक्शन लिहितं, म्हणजे आपण सुरुवातीला जिथे होतो तिथेच परत. "बिट्वीन"सारखा तारखांचा पल्ला निवडा, आणि त्याचा शेवट "१ मेच्या आधी" असाच ठेवा.

मॅक्रो लिहिणाऱ्यांची चूक वेगळी असते. लोहार चाळीतल्या एका इलेक्ट्रिकल मालाच्या व्यापाऱ्याकडे उधारीची शीट होती, अठराशे पार्ट्या. मॅक्रो एकेका ओळीवर जाऊन कनेक्शन उघडायचा, त्या पार्टीची बाकी विचारायचा, कनेक्शन बंद करायचा. इंडेक्स उत्तम होता, प्रत्येक क्वेरी डोळ्याचं पातं लवायच्या आत संपत होती. तरी शीट भरायला अर्धा तास जायचा, कारण अठराशे वेळा दार वाजवणं, ओळख देणं, आत जाणं आणि बाहेर येणं चाललं होतं. आम्ही यादीतले सगळे कोड एका तात्पुरत्या टेबलात एकदाच भरले, त्या टेबलाला इंडेक्स दिला, आणि विक्रीशी जोडून एकच क्वेरी केली. तिथले अकाउंटंट काका पहिल्या रिफ्रेशनंतर स्क्रीनकडे बघत म्हणाले, "झालं? सगळं आलं का नक्की?" आणि मग त्यांनी वीसेक पार्ट्यांच्या बाक्या कॅल्क्युलेटरवर तपासल्या. बरोबर केलं त्यांनी. मॅक्रो लिहीत असाल तर तारीख सेलमधून घेताना तिला वर्ष-महिना-दिवस या क्रमाच्या मजकुरात घाला. व्हॅल्यू२ ने (सेलमधली मूळ किंमत घेऊन) घेतलीत तर १ एप्रिल २०२४ ऐवजी हातात ४५३८३ येतं, एक्सेल तारखा आतून अशाच मोजतं. आणि सेलमधला मजकूर क्वेरीच्या वाक्यात जसाच्या तसा चिकटवू नका, पॅरामीटर म्हणून, म्हणजे वेगळी किंमत म्हणून, द्या.

आता मूळ प्रश्न: इंडेक्स कुठे? तुमची शीट एक पार्टी आणि तारखांचा पल्ला मागते. त्यासाठी एकच जोड-इंडेक्स टाका, आधी पार्टी_कोड, मग बिल_तारीख. क्रम महत्त्वाचा आहे आणि खतावणीवरून तो लगेच पटेल. पार्टीचं खातं उघडलं की आत तारखा ओळीने आहेत, एप्रिलवर बोट ठेवलं की मेपर्यंत सरळ वाचत जायचं. उलट क्रमाने, आधी तारीख आणि मग पार्टी असं लावलं तर एप्रिलमधल्या सगळ्या पार्ट्यांच्या नोंदी चाळून तुमची पार्टी वेचावी लागेल. "बरोबर" असलेली अट आधी, पल्ल्याची अट शेवटी, असं धरून चाला. हा इंडेक्स टाकलात की फक्त पार्टीवर विचारलेल्या प्रश्नालाही तोच चालतो, पार्टीचा वेगळा इंडेक्स नको. फक्त तारखेवर विचारलेल्या प्रश्नाला मात्र तो चालणार नाही, कारण "एप्रिलमधली सगळी विक्री दाखव" म्हटल्यावर खतावणीचं प्रत्येक खातं उघडावं लागेल. त्यासाठी तुम्ही आधी टाकलेला तारखेचा इंडेक्स राहू द्या.

दोन कॉलमांवर दोन सुटे इंडेक्स म्हणजे जोड-इंडेक्स नव्हे. बहुतेक वेळा मायएसक्यूएल एका टेबलासाठी त्यातला एकच निवडतं. शीटला तारीख आणि रक्कम एवढंच हवं असेल तर रक्कमही त्याच इंडेक्सच्या शेवटी जोडता येते. खतावणीतच रक्कम लिहिलेली असेल तर कीर्द उघडायची गरज काय? मात्र क्वेरीत "सिलेक्ट स्टार" (सगळे रकाने दे) असेल तर हा फायदा गेला. शीटवर जे रकाने दिसतात तेवढेच मागा.

सगळ्या कॉलमांवर टाकायचा नाही तो यासाठी की प्रत्येक बिल फाटताना ती नोंद प्रत्येक खतावणीत उतरवावी लागते. दहा इंडेक्स असतील तर काउंटरवरच्या मुलाचं बिल दहा ठिकाणी लिहिलं जातं, आणि सकाळच्या गर्दीत ते जाणवतं. शिवाय काही कॉलम इंडेक्सच्या लायकीचेच नसतात. "रोख की उधार" या कॉलमात दोनच किमती, अर्धं टेबल एकीकडे आणि अर्धं दुसरीकडे. तिथे इंडेक्स असला तरी डेटाबेस तो टाळून सरळ टेबल वाचतो आणि ते योग्यच असतं. जीएसटी नंबरवर जागा वाचवायला पहिल्या दोन अक्षरांचा इंडेक्स टाकलेला मी पाहिलाय. महाराष्ट्रातल्या प्रत्येक पार्टीचा नंबर २७ नेच सुरू होतो. पुढच्या दहा जागांत पॅन असतो, वेगळेपण तिथे आहे. आणि पार्टीच्या नावात मधलाच शब्द शोधायचा, दोन्ही बाजूंना टक्केवारीचं चिन्ह लावून, तर साधा इंडेक्स उपयोगाचा नाही. कुठे शाह, कुठे शहा, असं नावावर शोधण्यापेक्षा शीटवर नावांचा ड्रॉपडाउन द्या आणि मागून कोड जाऊ द्या.

एका गोष्टीत इंडेक्सकडून आशा ठेवू नका. वर्षाच्या सगळ्या पार्ट्यांची महिनावार बेरीज हवी असेल तर त्या वर्षाच्या सगळ्या नोंदी वाचाव्याच लागतील. त्यासाठी पार्टी, महिना आणि बेरीज असं छोटं टेबल रोज रात्री भरून ठेवा आणि शीट त्याला जोडा. आदल्या रात्रीपर्यंतचे आकडे शेटजींना चालतात का, एवढं आधी विचारून घ्या.

इंडेक्स टाकायचा तो पेढी बंद झाल्यावर, बॅकअप घेऊन, सॉफ्टवेअरवाल्यांना कळवून. मायएसक्यूएल ५.६ पासून इंडेक्स बनत असताना बिलं फाटू शकतात, तरी सुरुवातीला आणि शेवटी त्याला टेबलावर क्षणभर एकट्याचा ताबा लागतो. त्या वेळी एखादी शीट सात मिनिटांची क्वेरी चालवत असेल तर इंडेक्सचं काम तिच्या मागे थांबतं आणि त्याच्या मागे प्रत्येक नवीन बिल थांबतं. एकदा संध्याकाळी सहा वाजता, काउंटर भरलेला असताना, हे माझ्या हातून घडलंय. म्हणून आधी सगळ्यांच्या शीट बंद करून घ्या, प्रोसेसलिस्टमध्ये शीटची एकही क्वेरी उरली नाही की मगच क्रिएट इंडेक्स चालवा. झाल्यावर ॲनालाइज टेबल करा (म्हणजे डेटाबेसचे अंदाज ताजे होतात), सेलमधला कोड मजकूर आहे ना बघा आणि तेच एक्सप्लेन पुन्हा चालवा. 'टाइप'खाली ऑलच्या जागी रेंज, 'की'खाली तुमच्या नव्या इंडेक्सचं नाव आणि 'रोज'खाली काहीशे असा आकडा दिसला, की शीट उघडून रिफ्रेश दाबा.